डाव्या हाताचा जिना

सर, बीम बंद नव्हता. जुना क्रिस्टल लावून झाला होता आणि त्याचं उत्तरही आलं होतं.

परळच्या हॉस्पिटलात त्या दुपारी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी म्हणालो, "अजून लावला नाही सर, बीम बंद आहे." तुम्ही "बरं" म्हणालात आणि माझ्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केलीत. त्यानंतरही मी येत राहिलो. खाटेशेजारच्या स्टुलावर बसत राहिलो. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत, म्हणून दर वेळी जिना उतरताना सुटलो असं वाटायचं. आता तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमच्या स्मृती-अंकासाठी तुमच्यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आहे. तुमचा जन्म, शिक्षण, मानसन्मान हे सगळं इतर लोक माझ्यापेक्षा नीट लिहितील. माझ्याकडे तुम्हाला सांगायचं राहिलेलं एवढंच आहे, आणि ते लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहवत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपलं काम ठाऊक नसेल. तुम्ही मला पहिल्यांदा समजावलंत तसंच त्यांना सांगतो. गिरगावात तुमच्या घराच्या मागल्या बाजूला लोखंडी गोल जिना आहे, पूर्वी झाडूवाल्यांसाठी बांधलेला. मी नोकरीला लागलो त्या दिवाळीत तुम्ही मला फराळाला बोलावलंत आणि ताटावरून उठवून त्या जिन्यापाशी नेलंत. तुमच्या हातात चकली होती.

"हिचं वळण कुठल्या बाजूला?"

मी सांगितलं. तुम्ही चकली उलटी धरलीत. "आता?"

दिशा बदलली होती.

"आता हा जिना बघ. मूठ वळ, अंगठा वर कर. कुठल्या हाताची बोटं जिन्याबरोबर वळतात?"

"उजव्या."

"मग हा उजव्या हाताचा. वर जाऊन बघ, खालून बघ, उद्या पालिकेने उपटून उलटा रोवला तरी उजव्याच हाताचा. चकली पालथी केली की तिची बाजू बदलते. जिन्याची नाही बदलत."

एवढं बोलून तुम्ही चकली खाऊन टाकलीत. आतून काकूंचा आवाज आला, "झालं का तुमचं कॉलेज? त्या मुलाचा चहा गार होतोय."

काही क्रिस्टलमध्ये अणूंचे बारीक बारीक चुंबक असेच गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे लागलेले असतात. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा वळलेला. त्यावर साध्या न्यूट्रॉनचा झोत, म्हणजे आपला बीम, सोडला तर आत जिना आहे हे कळतं, एका वळशाची उंचीही कळते. तो कुठल्या हाताचा, हे मात्र सहसा कळत नाही. न्यूट्रॉन हीसुद्धा एक इवलीशी चुंबकसुईच असते. त्या सगळ्या सुया एकाच दिशेला वळवून क्रिस्टलवर सोडायच्या आणि बाहेर पडताना त्या कशा वळल्यात ते वाचायचं. मग हात कळतो. सांगायला एवढंच. पण वाटेत कुठेही लोखंडाचा तुकडा, विजेची तार, डोक्यावरून जाणारी क्रेन आली की सुया भरकटतात. त्यासाठी वाटेवर चुंबकांची रांग लावायची, आणि क्रिस्टलभोवती, नुसते आपटले तरी बिघडणाऱ्या खास पत्र्यांची, अशी पेटी बांधायची की पृथ्वीचं चुंबकत्वही आत शिरू नये. शून्य क्षेत्राची पेटी. तुमचं निम्मं आयुष्य आणि माझी नोकरीतली सगळी वर्षं त्या पेटीत गेली.

तरुणपणी, ही पेटी नव्हती तेव्हा, तुम्ही अर्ध्याकच्च्या जुन्या यंत्रावर एक क्रिस्टल मोजून सांगितलं होतंत की त्यातला जिना उजव्या हाताचा आहे. एमएस्सीला असताना मी ते उत्तर पाठ केलं होतं. ते कोणाचं, हे मला मागाहून समजलं.

नव्या पेटीत तो क्रिस्टल डाव्या हाताचा निघाला, सर.

करमाळ्याहून मुंबईला मुलाखतीला आलो तेव्हा माझ्याकडे इंग्रजीत पाठ केलेली दहा-बारा वाक्यं होती. ती समितीसमोर पहिल्या दोन प्रश्नांतच संपली. मग तुम्ही मराठीत विचारलंत, "घरी काय करतात?"

"वडील मोटरी रिवाइंड करतात. पाण्याच्या."

"तू करतोस?"

"सुट्टीत बसतो त्यांच्याबरोबर."

"तार गुंडाळताना मध्येच तुटली तर?"

समितीतले दुसरे गृहस्थ हसले. मला वाटलं, संपलं. मी खरं ते सांगितलं. पुष्कळ लोक जोड देऊन इनॅमल लावतात आणि गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. वडील पहिल्यापासून गुंडाळतात. तुम्ही समोरच्या कागदावर काहीतरी खूण केलीत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडिलांच्या दुकानातल्या त्या जळक्या वार्निशच्या वासाची मला मुंबईत लाज वाटेल, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही त्याच वासाचा माणूस शोधत होतात.

पहिल्या आठवड्यात तार आणायला तुम्ही मला लोहार चाळीत नेलंत. तुमची पँट इस्त्रीची, बोलणं जुन्या गिरगावातल्या सुशिक्षित घरातलं, आणि दुकानदाराशी हिंदी अशी की मी खाली बघून हसत होतो.

"साहेब, मोटर कौन सी है?" त्याने विचारलं.

"मोटर नाही है. न्यूट्रॉन के लिए चाहिए."

त्याने पोऱ्याला हाक मारली. "अरे, न्यूट्रॉन कंपनी का क्या साइज लगता है, देख जरा."

परतीच्या वाटेवर तुम्ही मला बजावलंत, "हसू नकोस. त्याने निदान साइज विचारला. पैसे मंजूर करायला दिल्लीहून आलेल्या साहेबांनी तेवढंही विचारलं नव्हतं."

तुमच्या सवयींची सगळे थट्टा करायचे. पेटीच्या खोलीत स्टीलचा डबा न्यायला बंदी. काकूंना त्यासाठी प्लॅस्टिकचे डबे घ्यावे लागले, आणि आमटीला वास लागतो म्हणून त्यांनी तुम्हाला आणि पर्यायाने मला कितीदा बोल लावले. पट्टा बाहेर, किल्ल्या बाहेर. लालबागची आपली विद्यार्थिनी प्राची पहिल्या दिवशी म्हणाली होती, "सर, हे देवळापेक्षा कडक आहे. तिथे निदान चपलाच काढतात." आणि रोज सकाळी, कुठलाही चुंबक हाताळायच्या आधी, होकायंत्र घेऊन इमारतीबाहेर मोकळ्या जागी जायचं, सगळ्या लोखंडापासून लांब, आणि सुईचं लाल टोक खरंच उत्तरेला वळतंय का ते बघायचं. पलीकडच्या विभागातले लोक खिडकीतून म्हणायचे, "आले, सर उत्तरपूजेला आले." मीसुद्धा हसलो आहे, सर. होकायंत्र उत्तर दाखवणार नाही तर काय दाखवणार? मी एकदा विचारलंही. तुम्ही म्हणालात, "दाखवतं. बघून घ्यावं." मी पुढे खोदून विचारलं नाही.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. पेटी तयार होत आली तेव्हा पहिल्यांदा काय मोजायचं यावरून. माझ्याकडे नव्या पदार्थांची यादी होती. जगात तोवर कोणी मोजलेले नाहीत असे. तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी आठवड्यातून येत होतात, आणि तुमचा हट्ट एकच. आधी जुना क्रिस्टल.

"सर, त्याचं उत्तर पुस्तकात आहे."

"म्हणूनच."

"बीमचे दिवस मोजून मिळतात. ते माहीत असलेल्या गोष्टीवर घालवायचे?"

"तुला माहीत आहे?"

"तुम्हीच सांगितलंय की."

"मी सांगितलंय," तुम्ही म्हणालात, "तुला माहीत आहे का, ते विचारतोय."

मला राग आला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला आपलं जुनं यश नव्या यंत्रावर पुन्हा मिरवून बघायचंय. तोंडाने नाही बोललो, पण चेहऱ्यावर आलं असणार. तुम्ही छत्री उचलून निघालात. पुढच्या आठवड्यात तुम्ही आला नाहीत आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला की पोटात दुखतंय म्हणून दाखवायला नेलं, तर परळला पाठवलंय.

मग मी जुना क्रिस्टल लावला. तुम्हाला आनंद व्हावा म्हणून लावला. हॉस्पिटलात येऊन सांगायचं, "सर, तुमचा उजवा हात शाबूत आहे," असं वाक्यही मनात तयार होतं.

पेटीत शून्य फार सुंदर आलं होतं. तुम्ही बघायला हवं होतंत. प्राचीने दोन दिवस मोजलं आणि माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"सर, उलटं येतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे लेफ्ट. क्लीन लेफ्ट."

मी तिला तारांची टोकं तपासायला सांगितलं. तपासली. मग त्यांची अदलाबदल करून मोजायला सांगितलं. मग ज्याचा हात शंभर ठिकाणी तपासला गेलाय असा दुसरा क्रिस्टल लावायला सांगितला. त्याचा हात बरोबर आला. आपला जुना क्रिस्टल पुन्हा लावला, पुन्हा डावा. मी सांगितलं, होकायंत्र बाहेर नेऊन बघ.

"सकाळी बघितलंय. तुम्हीच होतात बरोबर."

"परत बघ."

ती बघून आली. "नॉर्थ अजून नॉर्थलाच आहे सर. आता काय, क्रिस्टलला नवस बोलू?"

ती चेष्टेत बोलली, पण तेव्हा मला माझं एक कृत्य दिसलं. उत्तर उजवं आलं असतं तर मी एकदाच मोजून टॅक्सी पकडली असती. डावं आलं म्हणून मी चूक शोधत होतो, आणि तीही तुम्हाला वाचवेल अशीच. तुम्ही मला शिकवलेल्या गोष्टींपैकी पहिली गोष्ट ही, की तपासायचं तर दोन्ही बाजूंना सारखंच तपासायचं. मी एकाच बाजूला तपासत राहिलो.

"आज जाताय ना हॉस्पिटलला?" प्राचीने विचारलं. "सांगून टाका ना."

"तुला नाही कळणार."

"मला नाही कळणार, ठीक आहे. सरांना कळेल की. त्यांचंच तर आहे."

"ते कुठल्या अवस्थेत आहेत, माहितीय तुला?"

"आजारी आहेत. लहान नाहीयेत."

मी तिच्यावर ओरडलो. सरांच्या विषयात बोलू नकोस, असं काहीतरी. काळाचौकीला माझी बस आली तरी तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि तरीही मी परळला उतरलो तेव्हा सांगायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं.

मला तुमची दया आली असं मी स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही, सर. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तुमच्या उजव्या हातावर उभं आहे. करमाळ्याच्या शाळेत माझा सत्कार झाला, तेव्हा मी मुलांना सांगितलं होतं की माझ्या गुरूंनी जगात पहिल्यांदा अमुक शोधून काढलं. वडील पुढच्या रांगेत बसले होते. हे सगळंही त्या दिवशी माझ्याबरोबर बसमध्ये होतं.

तुम्ही खाटेला टेकून बसला होतात. हात बारीक झाले होते. नळीची सुई टोचलेल्या हाताने तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"पेटी चालते?"

"चालते सर. शून्य फार छान आलंय. पेटीचे आतले पत्रे तुम्ही सांगितलेत तसे बदलल्यावर एकदम खाली गेलं."

"पत्रे कोणी आपटले नाहीत ना?"

"नाही सर. कापडात गुंडाळून आणले, तुम्ही सांगितलं तसे. प्राचीने मांडीवर धरले होते."

तुम्ही हसलात. "शाब्बास. आणि जुना क्रिस्टल?"

खिडकीबाहेर कोणाचे तरी नातेवाईक जेवणाच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. मी त्यांच्याकडे बघत बोललो.

"अजून लावला नाही सर. बीम बंद आहे."

"बरं," तुम्ही म्हणालात. मग वडिलांचा गुडघा.

एकदा वडील मुंबईला आले होते, तेव्हा तुम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलंत. काय बोलायचं या भीतीने ते आदल्या दिवसापासून अस्वस्थ होते. तुम्ही दोघं जेवण विसरून तासभर इनॅमलच्या तारेवर बोललात. परतताना वडील म्हणाले, "तुझे सर आपल्यातलेच हायेत की." तेव्हापासून तुम्ही त्यांचा गुडघा विसरला नाहीत. त्या दुपारी तुमच्या त्या प्रश्नाला मी फार लांबलचक उत्तर दिलं, कारण तो प्रश्न सोपा होता.

तुम्ही गेलात. तुमचं सगळं झाल्यावर मी लेख लिहायला घेतला, आपल्या मापनाचा. जुन्या उत्तराबद्दल एक वाक्य लिहायचं होतं. मी लिहिलं की पूर्वीच्या निष्कर्षात काही अनिश्चितता असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्राचीने कागद वाचला आणि माझ्यासमोर धरला.

"हे काय आहे सर?"

"नम्रपणे लिहिलंय."

"नम्र कुठे? हे तर लपवलंय. चूक होतं, तर चूक होतं लिहा." मग जरा थांबून, "सरांनी तुमचं हे वाक्य खोडलं असतं. माझी तर पानंच्या पानं खोडली होती त्यांनी."

मी म्हटलं, आधी काकूंना विचारतो. त्यांच्या परवानगीशिवाय तुमचं नाव घालणं बरं नाही. खरं म्हणजे मला अजून एक दिवस हवा होता.

रविवारी गिरगावात गेलो. काकूंनी दार उघडलं. तुमच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलेला होता, बहुतेक कोणी चुकून बसू नये म्हणून. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो आणि लेखाबद्दल, नाव घालण्याबद्दल बोलू लागलो. काकूंनी मला मध्येच थांबवलं.

"दत्ता, तो क्रिस्टल लागला होता ना, हे होते तेव्हा?"

मी खिडकीकडे बघितलं.

"तू त्या दिवशी येऊन गेलास ना, की हे म्हणाले, लागलाय क्रिस्टल. ह्या मुलाला खोटं बोलता येत नाही, खिडकीशी बोलत होता. आणि म्हणाले, उलटं आलं असणार. सुलटं आलं असतं तर धावत आला असता."

"काकू, मला वाटलं त्यांना..."

"ऐक. तुला ठाऊक नाही ते सांगते." त्या उठल्या, पंखा कमी केला आणि परत बसल्या. "तू यायच्या कितीतरी आधी, एक दिवस हे लवकर घरी आले. हातात ते होकायंत्र. ह्या खिडकीत धरून बसले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, ह्याचं लाल टोक दक्षिणेला वळतंय. एवढ्या मोठाल्या चुंबकांत पडून पडून सुईच उलटी झालीय. मी म्हटलं, मग दुसरं घ्या, असं कितीचं येतं? म्हणाले, तसं नाही गं. मी ह्याच्यावरच दिशा ठरवली होती. ही त्या वेळी सुलटी होती की उलटी, आता कोण सांगणार?"

सुई उलटी असली तर न्यूट्रॉनची दिशा उलटी धरली जाते, आणि उजवा हात डावा होतो. एवढी साधी गोष्ट.

"मग परत मोजा, म्हटलं. तर ते जुनं यंत्र तोवर मोडीत काढलेलं. मग म्हटलं, चूक झाली म्हणून पत्र लिहून टाका, आमच्या बँकेत नाही का आम्ही लिहायचो. तर म्हणाले, चूक झालीय हे माहीत असतं तर आज लिहिलं असतं. मला माहीतच नाही. न मोजता चूक कबूल करणं हीसुद्धा थापच. त्यापेक्षा हे कायमचं सांगणारं यंत्र बांधतो."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं ना त्यांना, दत्ताला सांगा. म्हणाले, त्याचा माझ्यावर फार जीव आहे. सांगितलं तर तो माझ्या बाजूने मोजेल."

सर, तुम्ही न सांगताही मी तुमच्याच बाजूने मोजलं. ज्याची तुम्हाला धास्ती होती, तेच मी केलं, आणि वर त्याला माया समजलो. तुम्ही इतकी वर्षं एका प्रश्नापाशी थांबलात, त्यासाठी लोहार चाळीत तारा निवडल्यात, दिल्लीच्या साहेबांपुढे उभे राहिलात, करमाळ्याचा एक मुलगा घडवलात. आणि उत्तर आलं तेव्हा त्या मुलाने ते खिशात ठेवून तुमच्यासमोर गुडघेदुखीवर गप्पा मारल्या. मला वाटत होतं की मी तुम्हाला वाईट बातमीपासून लांब ठेवतोय. ती वाईट बातमी नव्हतीच. तुम्ही फक्त तिच्यासाठी थांबला होतात.

"मी त्यांना म्हटलं होतं," काकू सांगत होत्या, "फोन करून विचारा ना सरळ. तर म्हणाले, नको, विचारायचं नाही. सांगेल तो. मग तू यायचास तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे. गेलास की मला म्हणायचे, आज नाही. पुढच्या वेळी सांगेल."

मला त्या भेटी आठवल्या. तुम्ही गप्प असायचात, माझ्याकडे बघत असायचात. मी समजत होतो की औषधांमुळे तुम्हाला ग्लानी आहे. म्हणून मीच बोलायचो. हिंदमाताजवळचा रस्ता खणलाय, माझ्या मुलीची परीक्षा आहे, कॅन्टीनवाला बदलला. तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून लवकर उठायचो. एकदा तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "बस अजून थोडा वेळ." मी म्हटलं, "नको सर, तुम्ही दमाल."

कागदांची पिशवी माझ्या पायाशी होती. त्यात ते नम्र वाक्य होतं. बाहेर वाडीत कोणीतरी मुलाला गॅलरीतून जेवायला हाका मारत होतं. मग त्यांनी पदर नीट केला आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या, एखाद्या परीक्षेला बसावं तशा.

"मला त्यातलं गणित कळत नाही. पण इतकी वर्षं मीही ह्या घरातच होते. आमच्याकडे सणावाराला, आजारपणात, कशातही हे मध्येच गप्प व्हायचे, आणि मला कळायचं, आता तिकडे गेले. तेव्हा मला सांग. उजवा की डावा?"

"डावा, काकू."

"नक्की?"

"नक्की. पुन्हा पुन्हा मोजलाय."

"म्हणजे हे चुकले होते."

"हो. सर चुकले होते."

मला वाटलं त्या रडतील. त्यांनी तुमच्या खुर्चीकडेही पाहिलं नाही. खांदे जरा खाली आले, जड पिशवी जमिनीवर ठेवल्यावर येतात तसे, आणि त्या हलकेच म्हणाल्या, "बरं झालं कळलं."

मग त्या चहा टाकायला आत गेल्या. मी तसाच बसून होतो. हे तीन शब्द तुमचे होते, सर. ते तुम्ही म्हणायचे होतात, तुमच्या आवाजात, त्या खाटेवर टेकून. तुमच्याकडे ते म्हणायला वेळ होता. मी दिला नाही.